राखणदाराचा चेहरा

ठिपकीचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथेच असू द्या. घरात, शेजारीपाजारी आणि पुढे स्टुडिओतही ती ठिपकीच. नाव बाबांनी ठेवलेलं. नीट बोलताही येत नव्हतं तेव्हा तिने घरातल्या फरशीवर खडूने एक वाटोळं काढलं, आत डोळ्यांचे दोन ठिपके दिले आणि मग बराच विचार करून खाली जबड्याच्या कोपऱ्यात तिसरा ठिपका दिला. "हे कोण गं?" आईने विचारलं. "बाबा," ती म्हणाली. बाबांच्या डाव्या जबड्यावर चांगला मिरीएवढा काळा तीळ होता. चित्रात नाक नव्हतं, तोंड नव्हतं, कान नव्हते, पण तीळ होता. बाबांनी कमरेवर हात ठेवून चित्र पाहिलं आणि म्हणाले, "मिशी राहिली."

एवढंच त्यांचं कौतुक. पुढे पोरीने कागद रंगवले, बक्षिसं आणली, पण बाबांच्या तोंडून "छान" हा शब्द कधी निघाला नाही. चित्र हातात घ्यायचं, निरखायचं आणि जे राहिलं असेल त्यावर बोट ठेवायचं. "सायकलला स्टँड नाही, पडेल की ही." "या बुवाच्या सदऱ्याला बटण कमी आहे." ठिपकी फणकारायची, पाय आपटत जायची आणि बटण काढून आणायची. मग ते मान डोलवायचे. त्यांनी ती मान डोलवावी म्हणून तिने काय काय काढलं असेल, त्याला गणती नाही.

बाबा शहर बसचे ड्रायव्हर. आरशात बघितल्याशिवाय गाडी जागची हलवायची नाही, हा त्यांचा नेम. घरातून निघतानाही दारामागच्या आरशात मिशी बघायची, भांग बघायचा आणि मग उजवा हात वर करून बसमधला आरसा नीट केल्यासारखं हवेतच करायचं. "चला, मागे कुणी नाही, निघायला हरकत नाही!" रोजचा तोच विनोद आणि रोज ठिपकी आणि तिचा धाकटा भाऊ खिदळायचे. आई म्हणायची, "नटमोगरा नुसता."

ठिपकी मोठी होऊन कॉन्सेप्ट आर्टिस्ट झाली. आता हे काय असतं ते नातेवाइकांना सांगता सांगता तिच्या नाकी नऊ आले. गेममध्ये जे राक्षस, किल्ले, गुहा, तलवारी दिसतात, ते काही आपोआप उगवत नाहीत. आधी कुणाला तरी ते सुचावे लागतात, डिजिटल पाटीवर पेनने काढावे लागतात. मग दुसरी माणसं त्यांना गोल आकार देतात, तिसरी त्यांना चालवतात. ठिपकी पहिली. मावशीने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे वाढदिवसाची कार्डं करतेस का?" ठिपकीने हात टेकले. म्हणाली, "हो मावशी, तसंच काहीसं."

आणि मग बाबांना झटका आला. जगले, पण डावी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डाव्या डोळ्याची पापणी अर्ध्यावर येऊन थांबली, ओठांचा डावा कोपरा खाली ओघळला, गाल सुटला. दवाखान्यातून घरी आणण्याआधी आईने घरातले सगळे आरसे उतरवले. दारामागचा, न्हाणीघरातला, कपाटाच्या दारातला तर स्क्रू काढून काढला आणि सगळे चादरीत गुंडाळून पलंगाखाली ढकलले. "बरे होतील तेव्हा बघतील स्वतःला," ती म्हणाली. "तोवर कुणी त्यांना काही दाखवायचं नाही. ज्या माणसाने जन्मभर आरशात बघून भांग पाडला त्याला हे दाखवू? माझ्याच्याने होणार नाही." बाबांनीही आरसा मागितला नाही. दारामागच्या रिकाम्या खिळ्याकडे मात्र अधूनमधून बघायचे.

घर आता ठिपकीच्या नोकरीवर चालणार होतं, हे कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायचं काय त्यात?

नेमकं त्याच सुमारास स्टुडिओत राखणदाराचं काम निघालं. परदेशातल्या कुठल्याशा कंपनीचा मोठा गेम होता. त्यात एका दारापुढे एक राखणदार बसलेला, त्याला मारल्याशिवाय नायकाला आत जाता येत नाही. हा राखणदार ठिपकीच्या गळ्यात पडला. तिने शिंगं काढली, सुळे काढले, खवले काढले. आधी नुसत्या काळ्या सावल्यांसारख्या आकृत्या, मग त्यातल्या बऱ्या आकृत्यांना तोंडं. आर्ट डायरेक्टर प्रत्येक वेळी हनुवटी खाजवून म्हणायचा, "आहे, पण जिवंत नाही. पुन्हा एकदा करूया." हे वाक्य तो इतक्या वेळा म्हणायचा की पोरं त्याला पाठीमागे 'पुनश्च'च म्हणत. माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान शिव्या तरी देता आल्या असत्या.

ठिपकी स्टुडिओची डिजिटल पाटी घरी आणायची. सकाळी बाबांना सूप भरवून झालं की कामाला निघेपर्यंत त्यांच्या पलंगाशी बसून राखणदाराशी झटापट करायची. एका सकाळी मावशीचा फोन आला. "अगं, माझ्या नातवाचा वाढदिवस आहे, तुझ्या त्या राक्षसाचं एखादं कार्ड करून दे ना." ठिपकीने फोन ठेवला आणि बाबांना मावशीची हुबेहूब नक्कल करून दाखवली. आणि बाबा हसले! झटका आल्यापासून पहिल्यांदा. पण हसू आलं ते उजव्या बाजूलाच. उजवा डोळा बारीक झाला, उजवा गाल वर चढला, दात दिसले आणि डावी बाजू होती तिथेच, झोपलेली. अर्धा चेहरा हसतोय आणि अर्ध्याला त्याची खबर नाही.

ठिपकीला रडू आलं. आणि खोटं कशाला बोला, त्याच क्षणी तिच्या हाताला कंड सुटली. चित्रकाराची जात मेली अशीच. रडू येत असतं आणि सावली कुठे पडलीय ते डोळा टिपत असतो. समोर राखणदाराची फाइल उघडीच होती. ही चित्रं थराथरांची असतात, एकावर एक काचा ठेवाव्यात तशी. रंग एका काचेवर, रेघा दुसरीवर. प्रत्येक थरापुढे छोटा डोळा असतो, तो मिटला की थर दिसेनासा होतो. ठिपकीने नवी फाइल उघडायचा आळस केला. त्याच फाइलमध्ये वर एक थर घेतला आणि भराभरा बाबांचं हसू काढलं. पापणी काढली, ओघळलेला कोपरा काढला, तीळ काढला. नाक पुसत पुसत काढलं आणि आयुष्यात काढलं नव्हतं इतकं चांगलं काढलं. एरवी बाबांना दाखवलं असतं. पण दाखवणार कसं? तिने थराचा डोळा मिटला आणि कामाला निघून गेली.

त्या दिवशी पुनश्चला कंपनीला काहीतरी दाखवायचंच होतं. "जसं आहे तसं पाठव, थरांसकट पाठव, मी बघतो," तो घाईने म्हणाला आणि ठिपकीने पाठवून दिलं. लक्षातच नाही! संध्याकाळी त्याच्या खोलीतून हाक आली. ती गेली तर मोठ्या पडद्यावर बाबा.

पुनश्चने सगळे मिटलेले थर एकेक करून उघडून बघितले होते, ही त्याची सवयच. बाबांच्या चेहऱ्यामागे राखणदाराची शिंगं होती, खाली राखणदाराचा चिलखती खांदा होता. दोन्ही अगदी एकमेकांसाठीच काढल्यासारखे बसले होते.

"हे लपवून काय ठेवलंस?" पुनश्च जवळजवळ ओरडलाच. "हाच तो! अर्धा जागा, अर्धा झोपलेला. आणि हा राग बघ. काय गुरगुरतोय!"

"सर, तो गुरगुरत नाहीये," ठिपकी म्हणाली. "ते हसतायत. ते माझे बाबा आहेत."

पुनश्चने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग पाण्याचा पेला पुढे सरकवला. त्याला वाईट वाटलं होतं, खरंच वाटलं होतं. पण त्याची मान पुन्हा पुन्हा पडद्याकडे वळत होती.

"मी कंपनीला पाठवलंय गं," तो शेवटी म्हणाला. "त्यांनी डोक्यावर घेतलंय. असं कर, थोडं बदल. ओळखू येणार नाही इतकं बदल. मी त्यांना समजावतो."

ठिपकीचा जीव भांड्यात पडला. तिने पापणी उचलली, ओठांचा कोपरा सरळ केला, गालाला खवले दिले. कंपनीचा निरोप आला, "यात जीव नाही. पहिलंच द्या." तिने हनुवटी बदलली, कपाळ बदललं. "पहिलंच द्या." ती पुनश्चपुढे हात जोडून उभी राहिली. म्हणाली, दुसरा राखणदार काढून देते, दहा काढून देते, सुट्टीच्या दिवशी येऊन काढते, पण हा सोडा. पुनश्चने कपाळ चोळलं. "स्टुडिओच्या पाटीवर काढलेलं चित्र स्टुडिओचं असतं, ठिपके. तूही सही केलीयस, मीही केलीय. हे माझ्या हातात नाही. आणि तुला एक सांगू? इतकं खरं काम तुझ्या हातून पुन्हा होईल की नाही, मला माहीत नाही."

नोकरी सोडते, असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सोडून काय होणार होतं? चेहरा तिथेच राहिला असता आणि घरी औषधं बंद पडली असती. ती जागेवर येऊन बसली आणि शेजारच्या पोरीने काय झालं विचारलं तेव्हा "डोळ्यात काहीतरी गेलं" म्हणाली.

त्यानंतर चेहरा मॉडेलरकडे गेला. हा पोरगा सपाट चित्राला पडद्यावर मातीसारखा गोल आकार द्यायचा. ठिपकी पाणी प्यायला निघाली की त्याच्यामागून जावं लागे. त्याच्या पडद्यावर बाबांचं डोकं संथपणे स्वतःभोवती फिरत असायचं. कान दिसे, मानेची मागची बाजू दिसे, पुन्हा ती पापणी दिसे. "ताई, ओघळलेला गाल अजून खाली खेचू का?" तो भाबडेपणाने विचारायचा. "भीती जास्त वाटेल." ठिपकीने पाणी पिणंच सोडलं.

शेवटची दुरुस्ती मात्र तिच्याकडे आली. रंग पक्के करायचे होते. तिने कुणालाही न विचारता बाबांचा तीळ पुसला. पेनाचा एक फटकारा मारला आणि गाल स्वच्छ झाला. तिने फाइल पाठवली. आता येईल, "पहिलंच द्या" म्हणून येईल! पण काही आलं नाही. कुणाच्या लक्षातही आलं नाही. सगळ्या जगाला पापणी हवी होती, ओठ हवा होता, तीळ कुणालाच नको होता. ठिपकीने स्वतःची समजूत घातली की तीळ नाही म्हणजे ते बाबा नाहीत. घरी जाताना तिने ती समजूत इतक्या वेळा घोकली की थोडीफार खरीही वाटायला लागली.

मग स्टुडिओला तिच्याकडून चार ओळी हव्या होत्या. गेमच्या जाहिरातीसोबत चित्रकाराची प्रेरणा छापायची होती. प्रेरणा! तिने बराच वेळ रिकाम्या पडद्याकडे पाहिलं आणि लिहिलं, "वादळात अर्धं मोडलेलं एक झाड मी लहानपणी पाहिलं होतं. अर्धं सुकलेलं, अर्धं हिरवं. त्यावरून हा राखणदार सुचला." असलं झाड तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

घरी तिने गेमचं नावही काढलं नाही. पण धाकट्याला कसं रोखणार? बहिणीच्या कामाचा अभिमान त्याच्या पोटात मावत नसे. जाहिरातीची चित्रफीत बाहेर पडली त्या सुट्टीच्या सकाळी ठिपकी स्वयंपाकघरात सूप गाळत होती. बाहेरून धाकट्याचा आवाज आला.

"बाबा, हे बघा! ताईचा राक्षस! अख्खं जग बघतंय!"

ठिपकीच्या हातातलं गाळणं सुटलं. सूप ओट्यावर सांडलं. ती धावली, पण खोली केवढी आणि अंतर केवढं. ती दारात पोचेपर्यंत फोन बाबांच्या तोंडासमोर होता.

"बंद कर," ती म्हणाली.

"थांब गं, खरी मजा पुढे आहे. बाबा, ऐका, ताईने लिहिलंय, तिला हा एका मोडक्या झाडावरून सुचला. अर्धं सुकलेलं, अर्धं हिरवं. आहे की नाही डोकं?"

फोनमधून गुरगुर ऐकू आली. मग तलवारीचा खणखणाट झाला, मग धप्प. "मेला!" धाकटा ओरडला आणि हसत बाबांकडे वळला.

बाबा हसत नव्हते. त्यांचा उजवा हात सावकाश वर आला होता आणि बोटं डाव्या गालावरून फिरत होती. ओठाच्या कोपऱ्याशी थांबली, पापणीशी थांबली. धाकट्याने बाबांकडे पाहिलं, फोनकडे पाहिलं आणि त्याचं हसू ओठांवरच वाळलं. "ताई," तो एवढंच म्हणाला.

मग बाबांनी हात आणखी वर नेला. डोक्याच्या वर, जरा उजवीकडे. हवेत काहीतरी धरलं आणि वळवलं.

"काय हवंय? पंखा बंद करू का?" आई पुढे झाली. तिला सगळं कळलं होतं. तरी विचारत होती.

बाबांनी पुन्हा तसंच केलं. बसमधला आरसा नीट करावा तसं.

"नाही," आई म्हणाली. "अजिबात नाही. ठिपके, तू हलू नकोस जागची."

पण ठिपकी गुडघ्यांवर बसली होती. पलंगाखालून तिने चादरीचं गाठोडं ओढलं, गाठ सोडली आणि दारामागचा आरसा काढला. धूळ बाहीने पुसली. तिने तो बाबांसमोर धरला आणि स्वतः आरशामागे तोंड लपवलं. तिला बघवणार नव्हतं. आई खिडकीकडे तोंड करून उभी राहिली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी सुरू करायचा प्रयत्न करत होतं आणि ती काही केल्या सुरू होत नव्हती.

बऱ्याच वेळाने बाबांनी आरशाच्या चौकटीवर टकटक केलं. ठिपकीने आरसा खाली घेतला. बाबांचे डोळे भरले होते, उजवाही आणि डावाही. त्यांनी धाकट्याच्या हातातल्या फोनकडे बोट केलं.

"नको ना बाबा," धाकटा रडकुंडीला आला.

बोट तसंच राहिलं. त्याने फीत पुन्हा लावली. राखणदाराचा चेहरा जवळ आला तसा बाबांनी पंजा उघडला, बस थांबवायचा इशारा करावा तसा. धाकट्याने फीत थांबवली. बाबा वाकले. जन्मभर ठिपकीचं प्रत्येक चित्र पाहिलं तसंच त्यांनी हेही पाहिलं, कपाळापासून हनुवटीपर्यंत, घाई न करता. ठिपकी कोपऱ्यात लहान पोरीसारखी उभी होती. बाबा, मला माफ करा, असं तिला म्हणायचं होतं. तुम्ही हसला होतात हो, मी हसू काढलं होतं, असं सांगायचं होतं. पण त्या घरात बोलणं आता बाबांचं एकट्याचंच गेलेलं नव्हतं.

बाबांचं बोट उठलं. आधी स्वतःच्या डाव्या जबड्यावर गेलं, तिळावर टेकलं. मग फोनच्या काचेवर, राखणदाराच्या स्वच्छ गालावर. पुन्हा तिळावर, पुन्हा काचेवर. आणि त्यांनी मान वर करून ठिपकीकडे पाहिलं.

ती नजर ती ओळखत होती. मिशी राहिली. बटण राहिलं. स्टँड राहिला.

"हो बाबा," ती कशीबशी म्हणाली. "तीळ राहिला."

बाबांनी उशाशी पडलेलं तिचं पेन चाचपून घेतलं आणि तिच्याकडे पुढे केलं. तिने ते घेतलं. राखणदार आता तिचा नव्हता. तो कुठल्या कुठल्या घरांत, फोनाफोनांवर मरत होता आणि पुन्हा उठत होता. त्याच्या गालावर एक ठिपका ठेवायचीही आता तिला मुभा नव्हती.

"काढते," ती म्हणाली.

बाबा फोनच्या पडद्याकडे डोळे लावून वाट बघत बसले.